झोळी आणि दोन वाजताचा दिवा

वाचकहो, घरात एखादे दीर्घ आजारपण मुक्कामाला आले की घराला त्याचे वेळापत्रक जडते. आमच्या घराला ते सहा वर्षांपूर्वी जडले. ह्यांना कंपवाताचे निदान झाले तेव्हा हे ६८ वर्षांचे होते आणि मी ६४. तेव्हापासून पहिली गोळी पहाटे सहाला, न्याहारीच्या अर्धा तास आधी; दुसरी दुपारच्या जेवणाआधी; आणि मग उरलेला दिवस त्या गोळ्यांच्या मधल्या अंतराने मोजायचा. आपल्यापैकी जे कुणी अशा रुग्णाची शुश्रूषा करीत असतील त्यांना पुढचे सांगायला नको. दिवस एक वेळ निभतो. रात्र निभवावी लागते. कंपवातात अंग ताठरते आणि अंथरुणात कूस बदलणे हेही एक काम होऊन बसते. निरोगी माणूस झोपेतच, नकळत कूस बदलतो. ह्यांना त्यासाठी जागे व्हावे लागते आणि ह्यांच्यासाठी मला. रात्री दोन वाजता माझे डोळे गजराशिवाय उघडतात. सहा वर्षांत मी एकही रात्र ह्यांच्या खोलीबाहेर झोपले नव्हते.

गेल्या नाताळच्या सुट्टीत पुण्याहून मुलगा, सून आणि दोन नातवंडे गुहागर तालुक्यातील आमच्या घरी आली. थोरली नात नऊ वर्षांची, धाकटा नातू सहाला टेकलेला. सुनेने मुठीएवढ्या पिशवीत मावतील अशा दोन नायलॉनच्या झोळ्या आणल्या होत्या. मुले त्यांना ‘हॅमॉक’ म्हणत. आल्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात असतानाच थोरलीने जाहीर केले, “आजी, आपण बागेत हॅमॉकमध्ये झोपायचं. रात्रभर. आणि तू पण हवीस.”

मी नाही म्हणणार होते. कारणही तयार होते. पण पडवीतल्या खुर्चीवरून हे म्हणाले, “जा की.” आजारामुळे ह्यांचा आवाज आता इतका खाली गेला आहे की बोललेले दोनदा विचारावे लागते. त्या दिवशी एकदाच ऐकून कळले, आणि मला ते फारसे आवडले नाही. आपल्यावाचून एक रात्र निघू शकते असे रुग्णाने स्वतः म्हणावे, हे शुश्रूषा करणाऱ्याला वाटते तितके सुखाचे नसते.

झोळी आपल्याला नवी नाही. आमच्या माजघराच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधून मी ह्या मुलाला वाढवले. पायाने झोका द्यायचा आणि हाताने तांदूळ निवडायचे. आज मात्र ती झोळी मी बांधणार नाही, हे येथेच सांगून टाकते. तान्ह्या बाळाला सपाट, टणक गादीवर उताणे निजवावे असे बालरोगतज्ज्ञ सांगतात; झोळीत बाळाची मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. थोडी मोठी मुले साडीच्या झोळीत गोल गोल फिरतात, कापडाला पीळ पडतो, आणि तो पीळ गळ्याभोवती बसून मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशातील वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदल्या गेल्या आहेत. घरी लहान मूल आणि तुळईला लोंबती साडी, दोन्ही असतील तर हा मजकूर पुरा करण्याआधी ती साडी सोडून ठेवा.

पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांची गोष्ट निराळी. तरीही नियम हवेत. आमच्याकडे नियम करणारा माणूस घरातच होता. हे विज्ञानाचे शिक्षक. शिवाय तीस वर्षे शाळेचे स्काउटमास्तर. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन हे शिबिराला जात आणि मी घरी राहून सासूबाईंचे पथ्यपाणी पाहत असे. शिबिरातून परतल्यावर ह्यांच्या कपड्यांना धुराचा वास येई. ‘एकदा तूही चल’ असे हे दरवर्षी म्हणत. कधी सासूबाई, कधी मुलाची परीक्षा, कधी भातझोडणी, असे करीत राहून गेले. आता जायची वेळ आली तर ती अशी, मी बागेत आणि हे पडवीत.

मुलांनी खळ्यात ह्यांच्या खुर्चीभोवती बैठक मारली. ‘हॅमॉक’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांचा. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला तेव्हा त्याने ती माणसे अशा झोळ्यांतून निजताना पाहिली, आणि शंभर वर्षांनंतर इंग्रजांच्या आरमारात खलाशांना अधिकृतपणे झोळ्या मिळू लागल्या, हे ह्यांनी हळू आवाजात सांगितले. मुले पुढे वाकून ऐकत होती. मग पाटी आली. पाटीवर दोन झाडे, मधे झोळी. धाकट्याचा आग्रह झोळी तारेसारखी ताणून बांधण्याचा. ह्यांनी त्याला दोन्ही हातांनी पाण्याची बादली उचलायला लावली. हात शरीराजवळ धरले तर बादली उचलली जाते. तेच हात बाजूला पसरून पाहा, कसा दम लागतो! झोळीच्या पट्ट्यांचेही असेच. पट्टा आडव्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी वर गेला तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर झोपणाऱ्याच्या वजनाइतका ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला, म्हणजे झोळी जवळजवळ सपाट ताणली, तर ताण वजनाच्या सुमारे तिप्पट होतो. पट्टे तुटतात ते बहुतेक वेळा वजनाने नव्हे, ह्या हौसेने. पाटीवर रेघ ओढताना ह्यांचा हात थरथरत होता आणि रेघ नागमोडी येत होती. थोरलीने काही न बोलता खडू स्वतःकडे घेतला आणि विचारले, “आबा, कुठून कुठपर्यंत?”

गाठींचेही तसेच झाले. झोळीला तयार पट्टे आणि कड्या होत्या, गाठ लागत नव्हती. पण वरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या खुंट्यांना बांधायच्या होत्या. त्या सुरगाठीने बांधायच्या, निरगाठीने नव्हे, म्हणजे रात्री एका ओढीत सुटतात. जी बोटे हे डोळे मिटून चालवत त्यांनी आता सदऱ्याचे बटणही लागत नाही. म्हणून ह्यांनी गाठ नुसत्या शब्दांनी शिकवली. “दोर मागून आण. आता त्याचा कान धर. कान आत घाल, शेपूट बाहेर ठेव.” सातव्या-आठव्या खेपेला गाठ बसली. मी मागे उभी राहून पाहत होते. एरवी मी मधे पडून बांधून मोकळी झाले असते. सहा वर्षांत मला ती सवय लागली आहे. ह्यांच्या तोंडातले वाक्य पुरे होण्याआधी मी ते काम उरकते.

जागा मी निवडली आणि ती घरापासून बरोबर साठ पावलांवर. रानात जाऊन मुक्काम करणाऱ्यांचा मला आदर आहे. परंतु साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाने लहान मुलांना पहिल्यांदा नेताना घराचा दिवा दिसेल इतकेच दूर जावे असे माझे मत आहे. नारळाखाली झोळी बांधायची नाही, हे कोकणात कुणाला सांगायला नको. दोन आंबे आणि एक फणस असा त्रिकोण मिळाला. खोड किमान वीतभर जाडीचे, वरती वाळकी फांदी नाही, पट्टे रुंद म्हणजे सालीला इजा नाही. झोळीत बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मोठ्यासाठी खुर्चीच्या उंचीची, सुमारे दीड फुटाची झोळी पुरे. एका झोळीवर दुसरी बांधायची नाही. झोळीत उभे राहायचे नाही, फिरून पीळ घालायचा नाही, गळ्याशी नाडी असलेले कपडे घालायचे नाहीत.

किडामुंगीचे भय मला होतेच. आपल्याकडची मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक असतो की कित्येकदा जागही येत नाही. त्या दृष्टीने जमिनीपासून उंच निजणे आणि मच्छरदाणी नीट खोचणे हे उलट अधिक सुरक्षित. उतरण्यापूर्वी खाली बॅटरीचा उजेड टाकायचा आणि चपला झटकून घालायच्या, हे मुलांकडून दहादा म्हणवून घेतले. विंचवाची धास्ती आमच्या पिढीला अधिक, कारण आम्ही त्याने माणसे गेलेली पाहिली आहेत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले आणि कोकणातल्या कितीतरी घरांतला आकांत टळला. पण औषध दवाखान्यात असते, म्हणून तेथे पोचायला गाडी दारात उभी हवी. १०८ हा क्रमांक थोरलीला पाठ होताच. आणखी एक गोष्ट सिंधुदुर्गाकडील वाचकांसाठी: दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा मोसम हाच, हिवाळा-उन्हाळ्याचा. त्या बाजूला जंगलात किंवा काजूच्या बागेत मुलांना घेऊन मुक्काम करू नका.

दुपारी तालीम झाली. धाकट्याने धावत येऊन झोळीच्या काठावर उडी घेतली आणि झोळीने त्याला एक कोलांटी देऊन पलीकडे उतरवले. खाली पाचोळा होता, उंची दीड फूट. रडू आले ते अपमानाचे. मग त्याला शिकवले: झोळीला पाठ करून उभे राहा, कापड दोन्ही हातांनी पसरून मधोमध बस, मग पाय वर घे आणि सरळ न झोपता थोडा तिरका झोप. तिरके झोपले की पाठीला धनुष्याचा बाक येत नाही. थोरलीने मलाही बसवले. बसले खरी, पण उठताना गुडघ्यांनी जे ऐकवले ते येथे लिहीत नाही. माझ्या हाडांची घनता कमी आहे. मांडीचे हाड मोडण्याचा धोका कशासाठी पत्करायचा? माझ्यासाठी दोन झोळ्यांच्या मधे फणसाखाली खाट टाकली. मुले जरा हिरमुसली. त्यांना सांगितले, “रात्री कुणाला उतरावंसं वाटलं तर हात धरायला आजीचे पाय जमिनीवर हवेत ना?” आणि आपसांत एक करार केला. रात्री केव्हाही कुणाला घरी जावेसे वाटले तर त्याने जायचे, आणि सकाळी कुणीही त्याला हसायचे नाही. भित्र्या मुलांना हा करार धीर देतो. मलाही त्याची गरज होती.

संध्याकाळी मी मुलासाठी एक कागद लिहायला घेतला. ह्यांच्या रात्रीचा कागद. रात्री नऊची गोळी. झोपताना उजव्या कुशीवर, गुडघ्यांच्या मधे उशी. पांघरूण जड नको. बाराच्या सुमारास लघवीला. उठवताना एकदम उभे करायचे नाही, आधी काठावर दोन मिनिटे बसवायचे, कारण रक्तदाब उतरून भोवळ येते. चालताना पाय अडकले तर ओढायचे नाही, ‘एक, दोन, एक, दोन’ म्हणायचे. दोन वाजता कूस. चार वाजता पुन्हा. दिवा बंद करायला विसरू नये. लिहिता लिहिता पान भरले, मागची बाजूही अर्धी भरली. मुलाने तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, “हे रोज?” मी म्हटले, “वाच आणि उशाशी ठेव.”

रात्री नऊनंतर आम्ही बागेत गेलो. पहिला तास हसण्यात गेला. मग धाकटा गप्प झाला. अंधारात रातवा ठोके दिल्यासारखा ओरडत होता आणि लांब कोल्हेकुई झाली तेव्हा त्याने झोळीतून हात बाहेर काढून माझी खाट चाचपली. मी त्याची झोळी एका दोरीने हळू हलवू लागले. माणूस झोक्याने का निजतो ह्याचा शोध जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी घेतला आहे. २०११ साली त्यांनी १२ निरोगी पुरुषांना हळू झुलणाऱ्या पलंगावर पाऊण तास निजवले, तेव्हा स्थिर पलंगापेक्षा ते लवकर झोपी गेले. २०१९ मध्ये १८ तरुणांवर रात्रभराचा प्रयोग झाला आणि त्यांची गाढ झोप वाढलेली दिसली. हे सर्व तरुण आणि धडधाकट लोक होते, तेव्हा आपल्या वयाच्या माणसांनी त्यावरून फार काही ठरवू नये. धाकट्याचा हात मात्र दहा मिनिटांत सैल पडला.

मी झोपले असेन. जाग आली ती दोनला. हात सवयीने शेजारी गेला आणि खाटेच्या काठाला लागला. मग आठवले. पानांतून दव टपटपत होते. घराकडे पाहिले, अंधार होता. दोन वाजून गेले होते आणि दिवा लागला नव्हता. कागदावर दोन वाजता असे मी स्पष्ट लिहिले होते. मी बॅटरी घेतली, एक चप्पल झटकून पायात घातली. दुसरी घालणार तोच खोलीतला दिवा लागला.

मी तशीच बसून राहिले, एक पाय चपलेत आणि एक खाटेवर. खिडकीत मुलाची सावली वाकलेली दिसली. ती सरळ झाली, पुन्हा वाकली. माझ्या मनात, उशी आधी काढ, खांदा नको, कमरेखाली हात घाल, असे चालू होते. साठ पावले. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. कूस बदलायला मला तीन मिनिटे लागतात. तेथे दहा झाली, बारा झाली. सावली खाली बसली. बहुधा पलंगाच्या काठावर. बोलत असतील का? काय बोलत असतील? ह्या दोघांनी एकमेकांशी शेवटचे असे बसून बोलणे केव्हा केले, मला आठवेना. पुण्याहून फोन येतो तो मला येतो. ‘बाबा कसे आहेत’ हेही मलाच विचारतात. मी चप्पल काढून पाय पांघरुणात घेतला. दिवा मालवायची मी वाट पाहिली. तो मालवला नाही. त्याचा जरा राग येऊनच मला पुन्हा झोप लागली.

तीनच्या पुढे धाकटा कुडकुडत उठला. ही चूक माझी. पांघरुणे मी वरून दिली होती आणि थंडी खालून येत होती. झोळीचे कापड पातळ. अंगाखालची चादर वजनाने चेपून जाते, तिच्यात ऊब राहत नाही, आणि खालून वारा वाहतो. खाली जाड गोधडी किंवा योगासनाची फोमची चटई हवी, हे आता पक्के कळले. थोरलीच्या झोळीत माझी गोधडी सारली. धाकट्याला विचारले, “घरी जायचं?” तो म्हणाला, “नको. तुझ्याकडे.” खाट आम्हा दोघांना अरुंद होती. कराराप्रमाणे मी ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ह्या मजकुरासाठी त्याची परवानगी घेतली आहे.

सकाळी सून चहा घेऊन बागेत आली. तिच्या मागून मुलगा ह्यांना आणत होता. ह्यांचे पाय उंबऱ्याशी अडकले तेव्हा त्याने ओढले नाही. “एक, दोन,” तो म्हणाला, आणि हे पाऊल टाकत आले. मुलाचे डोळे तांबारलेले होते. “चारदा उठलो,” तो मला म्हणाला. एवढेच. पुढचे त्याने न बोलता माझ्या हातातली कपबशी काढून घेतली आणि विसळायला घेऊन गेला, जी गोष्ट त्याने लहानपणापासून केल्याचे मला स्मरत नाही.

ह्यांना झोळीत बसायचे होते. कंपवाताच्या रुग्णाला झोळीत निजवावे असे मी कुणालाही सांगणार नाही. त्यातून स्वतः उठता येत नाही आणि तोल गेला तर सावरता येत नाही. पण दोन बाजूंना दोन माणसे धरून, झोळी खुर्चीसारखी आडवी धरून, पाय जमिनीवर पक्के टेकवून हे पाच मिनिटे बसले. मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या. आम्ही झोका दिला नाही. ह्यांनीच टाचेने दिला, बोटभर. मग ताडपत्रीच्या दोरीकडे पाहून थोरलीला म्हणाले, “ही निरगाठ आहे.” ती खजील झाली. तिने ती नखांनी सोडवली आणि पुन्हा बांधली, शेपूट बाहेर ठेवून.

मंडळी चौथ्या दिवशी पुण्याला गेली. पट्टे आंब्याला तसेच ठेवा, उन्हाळ्यात येऊ, असे थोरलीने बजावले. मी ते काढून धुऊन कपाटात ठेवले, कारण पावसाळ्यापर्यंत कोण लक्ष ठेवणार. ठरले आहे ते इतकेच, की ते आले की पहिल्या रात्री मी बागेत आणि मुलगा ह्यांच्या खोलीत.

खोली आवरताना उशाशी माझा कागद सापडला. मागच्या अर्ध्या कोऱ्या बाजूवर मुलाने पेन्सिलीने लिहिले होते. ‘१२.२० – लघवी. २.०५ – कूस, वेळ लागला, चुकलो, पुन्हा केले. बाबा बोलत बसले, शिबिराचे सांगत होते. दिवा बंद करू नको म्हणाले. अंधारात वळताना कुठे आहोत ते कळत नाही, म्हणून. ४.१० – कूस.’

सहा वर्षे मी दिवा मालवत होते. ह्यांनी सांगितले कसे नाही, असे विचारले तेव्हा हे म्हणाले, “तुला उजेडात झोप लागत नाही.” त्या दिवशी संध्याकाळी वाण्याकडून झिरोचा दिवा आणवला आणि तो ह्यांच्या बाजूच्या भिंतीला, मला पाठ करून झोपता येईल असा लावून घेतला.